टोपलीत आंबा, गुण सतरा

मार्च सरत आला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात. पोहणं, स्केटिंग, हस्ताक्षर, अ‍ॅबॅकस, नाट्यशिबिर, किल्ल्यांची भटकंती ही नावं आता जुनी झाली. गेल्या काही वर्षांत त्यांच्या पंक्तीत व्हिडिओ गेमचं शिबिरही येऊन बसलं आहे. कुणी त्याला ‘गेम डेव्हलपमेंट’ म्हणतं, कुणी ‘माइनक्राफ्ट कॅम्प’, कुणी ‘रोब्लॉक्स कोडिंग’, तर कुणी सरळ ‘ई-स्पोर्ट्स कोचिंग’. ज्या गोष्टीपायी वर्षभर घरात वाद होतात, मोबाइल लपवावा लागतो, वायफायचा पासवर्ड बदलावा लागतो, तिच्यासाठीच आता वर पैसे मोजायचे? जाहिरात वाचणाऱ्या पालकांना पडणारा हा प्रश्न रास्त आहे. त्याच घरात कुणाच्या तरी मनात दुसरा विचारही येतो: नाहीतरी पोरगं दिवसभर गेम खेळतंच आहे, निदान काही शिकेल तरी.

दोन्ही विचार खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या शिबिरांबद्दलचे आहेत. जाहिरातीत सगळं एकाच रंगीत चित्राखाली येतं, त्यामुळे मुलं तिथे जाऊन नेमकं काय करणार हे शेवटपर्यंत कळत नाही. काही शिबिरांत मुलं फक्त खेळतात. काहींत स्पर्धेसाठी सराव करतात. काहींत स्वतः खेळ बनवतात. या तिन्हींचं मोल सारखं नाही.

नुसतं खेळण्याच्या शिबिराबद्दल फार बोलायला नको. वातानुकूलित खोली, मोठे पडदे, शेजारी दोस्त. मुलांना मजा येते, आणि मजा ही काही वाईट गोष्ट नाही. पण ‘गेम खेळून मेंदू तल्लख होतो’ असं सांगून कुणी पैसे घेत असेल, तर तिथे थांबून विचारायला हवं. या दाव्याचं मूळ बरंचसं २००३च्या एका संशोधनात सापडतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलिए यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की वेगवान अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्या तरुणांची नजर पडद्यावरच्या अनेक गोष्टी एकाच वेळी अधिक चांगली टिपते. संशोधन महत्त्वाचं होतं. पुढे मात्र अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. २०१८ मध्ये जिओव्हानी साला, सेमीर तत्लिदिल आणि फर्नांड गोबे यांनी तो प्रसिद्ध केला, आणि निष्कर्ष सरळ निघाला: गेमच्या सरावाने माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, त्याने एकूण बुद्धी किंवा स्मरणशक्ती वाढत नाही.

स्पर्धेच्या सरावाची गोष्ट थोडी वेगळी. २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स हा प्रदर्शनीय खेळ होता आणि कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळवलं. २०२३ मध्ये हांगचौला झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकांचा दर्जा मिळाला. त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. तेव्हा ‘हा काय खेळ आहे का?’ असं म्हणून नाक मुरडण्याचे दिवस गेले.

पण या वाटेवर पायऱ्या कुठे आहेत? अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये ‘लीग ऑफ लीजंड्स’च्या खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊ केल्या, आणि पुढे इतर महाविद्यालयांनीही संघ बांधले. तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सरावाच्या शिबिरातून पुढची एक पायरी तरी दिसते. आपल्याकडे क्रिकेटचं किंवा कबड्डीचं जसं तालुका, जिल्हा, राज्य असं बांधलेलं मैदान आहे, तसं इथे अजून उभं राहिलेलं नाही. शिवाय खेळ कंपनीच्या मालकीचा असतो. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्या पोरांनी त्यावर आपली उमेद लावली होती, त्यांचं मैदानच दहा महिने उचलून नेलं गेलं. बारा वर्षांच्या मुलाला अशा सरावाला घालणं हे, पालक कितीही हौशी असले, घाईचं आहे.

उरतं ते खेळ बनवण्याचं शिबिर. सगळा मुद्दा इथे आहे.

मुलांना सुट्टीत संगणकासमोर बसवून काही बनवायला लावण्याची कल्पना आजची नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मायकेल झाबिन्स्की या प्राध्यापकाने मुलांसाठी संगणक शिबिर सुरू केलं. त्याच वर्षी अ‍ॅपल-टू आणि कमोडोर पेट हे घरगुती संगणक बाजारात आले होते. बहुतेक मुलांनी संगणक प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. पाच वर्षांत अटारी या गेम बनवणाऱ्या कंपनीनेच आपली उन्हाळी शिबिरं भरवायला घेतली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात आयडी टेक ही कंपनी निघाली. स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठांच्या आवारात आठवड्याभराची शिबिरं भरवण्याचा तिचा नमुना पुढे जगभर उचलला गेला. आपल्याकडे येणाऱ्या जाहिरातींमध्येही तोच साचा दिसतो: पाच दिवस, एक विषय, शेवटी आईबाबांसमोर सादरीकरण आणि प्रमाणपत्र.

या शिबिरांमध्ये नवख्या मुलांच्या हाती सहसा ‘स्क्रॅच’ दिलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे. त्यात टाइप करायला जवळजवळ काही नसतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून सूचना तयार करायच्या. ‘पुढे दहा पावलं जा’, ‘कडेला लागलास तर वळ’, ‘हे कायम करत राहा’.

तिथे हमखास घडणारी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मुलं खेळ बनवतात तो बहुतेकदा काहीतरी झेलण्याचा. समजा आंबे. खाली एक टोपली, बाणाच्या कळांनी डावीकडे-उजवीकडे सरकणारी. वरून आंबा पडतो. ‘आंबा टोपलीला शिवला तर गुण एकने वाढव’ असा ठोकळा मूल जोडतं, आणि तो सतत तपासला जावा म्हणून ‘कायम’च्या ठोकळ्यात बसवतं. हिरव्या झेंड्यावर क्लिक. आंबा पडला, टोपलीत आला, आणि गुणफलकावर आकडा दिसला: सतरा.

आंबा एक, गुण सतरा. पहिल्यांदा मूल खूश होतं. पुढच्या आंब्याला चौदा मिळतात, त्याच्या पुढच्याला अठरा. मग ते हात वर करतं.

अशा वेळी शिकवणाऱ्याने काय करावं, यावर शिबिराची किंमत ठरते. घाईतला शिक्षक माउस हातात घेतो, एक ठोकळा खाली जोडतो, ‘झालं बघ’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. त्याला अर्धं मिनिट लागतं. मुलाचा खेळ चालू होतो आणि संध्याकाळी आईला दाखवायला तयारही असतो. दुसरा शिक्षक माउसला हात लावत नाही. तो विचारतो: आंबा हळू पाडलास तर गुण वाढतील की कमी होतील? मूल वेग निम्मा करतं. आता एका आंब्याला चौतीस. म्हणजे आंबा जितका वेळ टोपलीला चिकटून, तितके गुण जास्त. का बरं? कारण ‘कायम’मधला ठोकळा सेकंदाला सुमारे तीस वेळा चालतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, शिवला आहे का? शिवला आहे. वाढव. शिवला आहे का? वाढव. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ आंबा टोपलीवर होता, म्हणून सतरा. मग उपाय मूलच सुचवतं: गुण वाढवल्याबरोबर आंब्याला तिथून उचलून पुन्हा वर पाठवायचं, वर कुठेही, कुठल्याही जागी. याला वीस मिनिटं लागतात. कधी अर्धा तास.

त्या वीस मिनिटांत मूल शिकतं ते स्क्रॅचपुरतं राहतं, की पुढे कुठे उपयोगी पडतं? या प्रश्नावर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे, आणि त्याची हकीकत पालकांनी ऐकावी अशी आहे.

१९६७ मध्ये सेमूर पेपर्ट, वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन या मंडळींनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. तिच्यातल्या कासवाला सूचना देऊन मुलं पडद्यावर चौकोन, चांदण्या, फुलं काढत. पेपर्ट मूळचे गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंबरोबर काम करून आलेले. मूल जेव्हा यंत्राला काही शिकवतं तेव्हा ते आपल्याच विचारांकडे बाहेरून पाहायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं. १९८० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाने अमेरिकेतल्या अनेक शाळा भारावून गेल्या.

मग न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी हे तपासून पाहायचं ठरवलं. लोगो शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं त्यांनी घेतली आणि त्यांना एक साधं काम दिलं: वर्गातली कामं, म्हणजे फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, हॅम्स्टरला खाऊ घालणं वगैरे, कमीत कमी चालून कशी उरकता येतील त्याची आखणी करा. लोगो येणाऱ्या मुलांची आखणी चांगली निघायला हवी होती. तसं झालं नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी पेपर्टवादी चांगलेच नाराज झाले. पण त्यातून एक गोष्ट लख्ख समोर आली: मुलाला संगणकासमोर बसवलं आणि मोकळं सोडलं, तर विचार करण्याची शिस्त आपोआप अंगी येत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सगळी शिबिरं बंद करा म्हणता आलं असतं. पण १९८८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी तोच लोगो घेऊन एक बदल केला. त्यांनी मुलांना चूक शोधण्याची रीत मुद्दाम, पायरीपायरीने शिकवली. काय व्हायला हवं होतं? काय झालं? दोन्हींत फरक नेमका कोणता? असा फरक कोणत्या प्रकारच्या चुकीने पडतो? ती चूक कुठल्या भागात असेल? आधी तिथेच बघ, सगळं पुसून पुन्हा लिहू नकोस. दुरुस्त कर आणि पुन्हा चालवून पाहा. ही रीत शिकलेल्या मुलांना मग संगणक बाजूला ठेवून कागदावर लिहिलेल्या सूचना दिल्या, ज्यात कुठेतरी चूक होती. सामान कसं मांडायचं, नकाशावरून कसं जायचं अशा. त्या चुका शोधण्यात ही मुलं आधीपेक्षा स्पष्टपणे तरबेज झाली होती.

म्हणजे फरक लोगोने पडला नाही, शिकवण्याने पडला. टोपलीतल्या आंब्यापाशी थांबून प्रश्न विचारणारा माणूस तिथे असेल तर उपयोग, नाहीतर नाही.

अलीकडचे अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. २०१९ मध्ये रोनी शेरर आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकण्याच्या परिणामांवरचे १०५ अभ्यास एकत्र तपासले. प्रोग्रॅमिंगचा इतर विचारकौशल्यांना फायदा होतो, असं त्यात दिसलं. मात्र ज्या अभ्यासांत दुसऱ्या गटालाही काहीतरी वेगळं शिकवलं होतं, तिथे हा फायदा बराच खाली येतो. पालकांच्या दृष्टीने ही गोष्ट फार कामाची. एका बाजूला कोडिंगचं शिबिर आणि दुसऱ्या बाजूला रिकामा मे महिना अशी तुलना केली तर शिबिर जिंकतं. पण दुसऱ्या बाजूला चांगलं नाट्यशिबिर किंवा सुतारकाम असेल, तर कोडिंगला काही खास मान देण्याचं कारण उरत नाही. ज्या मुलीला चित्रकलेच्या शिबिराला जायचं आहे तिला ‘काळाची गरज’ म्हणून गेमच्या शिबिरात घालणं, हा तिच्यावर अन्याय आहे.

खेळ बनवण्यात प्रोग्रॅमिंगपलीकडेही काही असतं, आणि ते बोस्टनच्या हेनिगन शाळेत फार सुरेख दिसलं. यास्मिन कफाई यांनी तिथल्या चौथीच्या सोळा मुलांना एक काम दिलं: तिसरीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवणारा खेळ तयार करा. काम जवळपास सहा महिने चाललं. दुसऱ्याला अपूर्णांक शिकवायचा म्हटल्यावर आधी तो आपल्याला नीट कळायला लागतो, हे त्या मुलांना करताना उमगत गेलं. नुसता अपूर्णांकांचा पाठ शिकलेल्या वर्गांपेक्षा ती पुढे गेली. मुलग्यांच्या खेळांत दुष्ट पात्रं, पाठलाग, चुकलात तर मरा असा प्रकार होता. बहुतेक मुलींनी वाईट पात्रच ठेवलं नव्हतं. बर्फाच्या उतारावरून घसरणं, वर्गखोली अशा जागा त्यांनी निवडल्या. १९९५ मध्ये यावर कफाईंचं पुस्तक आलं. बाजारातले गेम आपल्यासाठी नाहीत असं वाटणाऱ्या मुलींना आपला गेम आपणच करता येतो, हे शिबिरवाल्यांनी या पुस्तकातून उचलायला हवं होतं. शिबिरांच्या जाहिरातींत मात्र अजूनही हेडफोन घातलेला मुलगाच दिसतो.

सहा महिने आणि पाच दिवस यांत मोठं अंतर आहे. पाच दिवसांत मूल प्रोग्रॅमर होत नाही, व्हायचं कारणही नाही. पाच दिवसांत जे होऊ शकतं ते म्हणजे ओढ लागणं. मग खरा प्रश्न सहाव्या दिवसाचा.

त्याचंही एक उदाहरण बोस्टनचंच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संगणक संग्रहालयात नॅटली रस्क यांनी शाळेच्या सुट्टीत लेगो आणि लोगो यांची कार्यशाळा घेतली. आसपासच्या वस्तीतली काही मुलं आली, यंत्रं जोडली, चालवली. सुट्टी संपली, कार्यशाळा संपली. पुढच्या आठवड्यात तीच मुलं परत दारात. आता काही नाही म्हटल्यावर निराश होऊन गेली. काही आठवड्यांनी संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना सूचना आली की काही मुलं आत चोरून शिरत आहेत, लक्ष ठेवा. तीच मुलं होती ती. रस्क आणि रेस्निक यांनी त्यावरून बोध घेतला आणि १९९३ मध्ये ‘कम्प्युटर क्लबहाउस’ सुरू केलं: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी शाळेनंतर रोज उघडी असलेली, फुकट जागा. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात २०११ साली सुरू झालेली ‘कोडरडोजो’ची चळवळही तशीच, स्वयंसेवक शिकवतात, फी नाही.

आपल्याकडे ही सगळी गोष्ट उलट्या टोकाने आली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचा उल्लेख आला, टाळेबंदीत मुलं घरात अडकली होती, आणि व्हाइटहॅट ज्युनिअर या मुंबईच्या कंपनीच्या जाहिरातींनी पालकांना घेरलं. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ही कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली. जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा एक मुलगा होता, कोडिंग शिकून गूगलमध्ये गलेलठ्ठ पगार मिळवणारा. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरात मानक परिषदेने त्या वर्षी कंपनीला काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. टीका करणाऱ्यांवर कंपनीने कोट्यवधींचे बदनामीचे दावे लावले आणि २०२१ मध्ये ते मागे घेतले. २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या सगळ्या काळात ‘माझं मूल मागे पडेल’ ही भीती विकली गेली. आजही एखादं शिबिर आठ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांशी ‘पॅकेज’ची भाषा करत असेल, तर त्यांनी तिथून उठून यावं.

गेमच्या धंद्यात नोकऱ्या नाहीत असं नाही, आणि त्या दूर परदेशातच आहेत असंही नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, मुंबईत २०१८ पासून. ‘इंडस’ हा बॅटल रॉयाल गेम पुण्याच्या सुपरगेमिंगने काढला. पण सगळ्यात सांगण्यासारखं उदाहरण ‘राजी’चं. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या चमूने केलेला हा गेम २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. राजी ही मुलगी राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या आपल्या भावाला शोधायला निघते. राजस्थानी वास्तूंची धाटणी, पहाडी चित्रशैलीची छाप, मधूनमधून बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा. हे घडवणाऱ्यांना कोडिंग लागलंच. पण त्याहून जास्त लागली चित्रं, शिल्पं, कथा, संगीत, पुराणकथांची जाण. ज्याला पुढे असा गेम घडवायचा आहे, त्याचा मे महिना बोलक्या बाहुल्यांच्या शिबिरात गेला तरी वाया जात नाही. आणि नोकरीची शाश्वती म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातले १,९०० जण कमी केले.

आता शरीराचं. डोळ्यांचं तर आधी. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात बारा शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्यांपैकी अर्ध्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर, उजेडात नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, इतरांत ३९.५. प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या मे महिन्याचा हिशेब थोडा निराळा आहे, हे खरं. चंद्रपूर-नागपुरात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दुपारी मुलाला बाहेर काढणं शहाणपणाचं नाही, आणि मुंबईच्या घामट दुपारीही कुणी मैदानात उतरत नाही. दुपारी घरात बसून पत्ते, कॅरम, व्यापार खेळण्याची रीत आपल्याकडे त्यातूनच आली. तेव्हा शिबिर दुपारी असेल तर हरकत नाही; सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर मूल मैदानात असायला हवं. दिवसभराचं शिबिर असेल आणि त्यात उघड्यावरचा तास नसेल, तर ते नापास.

ज्या घरात गेमिंग आधीच हाताबाहेर गेलं आहे, तिथे शिबिर हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ आपल्या आजारांच्या यादीत घेतला, तो जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर टिकून असणं, ही त्याची लक्षणं. सुट्टीत चार दिवस जास्त खेळणारं प्रत्येक मूल त्यात मोडत नाही. पण जे मोडतं त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. मुलांच्या हाताला गेम चिकटतो त्यात त्यांचा एकट्यांचा दोष नसतो, हेही लक्षात घ्यावं. ‘फोर्टनाइट’ची मालक कंपनी एपिक गेम्स हिला डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्यातली मोठी रक्कम मुलांच्या खासगी माहितीच्या गैरवापरासाठी होती, तर उरलेली नकळत खरेदी घडवणाऱ्या बटणांच्या रचनेसाठी. चांगल्या शिबिरात हाच विषय मोठ्या मुलांसमोर काढता येतो: हा गेम तुम्हाला उठू का देत नाही, त्याने काय युक्ती केली आहे, उघडून बघू या. खेळ बनवून पाहिलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती युक्ती ओळखता येते.

म्हणून फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न थोडेच, पण रोखठोक हवेत. एका शिक्षकामागे मुलं किती? आठ-दहाच्या वर असतील तर आंब्यापाशी थांबायला कुणालाच वेळ नाही. मूल अडलं की शिक्षक काय करतो, हे एक तास मागे बसून पाहता येईल का? रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी अनोळखी लोकांशी चॅट बंद ठेवणार का, खातं कुणाच्या नावाने उघडणार? मुलांनी केलेला खेळ घरी नेता येईल का, घरच्या साध्या संगणकावर चालेल का? आणि एकाचा खेळ दुसऱ्याने खेळून पाहायची वेळ ठेवली आहे का? आपल्याला सोपा वाटणारा खेळ शेजारच्या मुलीला पहिल्याच पायरीवर अडवतो, हे पाहिल्याशिवाय तो दुसऱ्यासाठी कसा करायचा ते कळत नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र फीच्या पलीकडची आहे. २०२३च्या ‘असर’ या शैक्षणिक स्थितीच्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. स्मार्टफोन बहुतेकांच्या घरी पोचला होता. संगणक किंवा लॅपटॉप जेमतेम नऊ टक्के घरांत. फोनवर गेम खेळता येतो, बनवता येणं फार अवघड. म्हणजे गावातली मुलं खेळणारी राहणार आणि शहरातली, फी परवडणारी मुलं बनवणारी होणार. ही दरी आपोआप बुजणार नाही. पण ती बुजवायला लागणारं बरंचसं सामान गावात आहेच. अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून देशातल्या दहा हजार शाळांत पोचल्या आहेत, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने वस्तू करत शिकवण्यासाठी. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे यंत्रांनी वस्तू बनवून पाहायची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. खेड्यातल्या मुलाने यंत्र बनवायचं, हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

स्क्रॅच एकदा डाउनलोड केलं की पुढे इंटरनेट लागत नाही, आणि ते जुन्या संगणकावरही चालतं. एका संगणकाला दोन मुलं बसली तर उलट बरं. एक चूक करतं, दुसरं विचारतं. शिकवायला गावातली अभियांत्रिकीची, बीसीएची मुलं मे महिन्यात घरी आलेली असतात, त्यांना चूक शोधण्याची ती पायरीपायरीची रीत दोन दिवसांत समजावून देता येते. सकाळी मैदान, ऊन चढलं की तीन तास संगणक, शेवटच्या दिवशी धाकट्या भावंडांना बोलावून त्यांच्याकडून खेळून घ्यायचं. अडते ती संगणक कक्षाची किल्ली, कारण सुट्टीत शाळा बंद. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. फेब्रुवारी-मार्चच्या बैठकीत त्यांनी हा विषय मांडला आणि किल्ली कुणाच्या जबाबदारीवर राहील ते तिथेच ठरवून घेतलं, तर मेच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू करता येतो.